होटगी रोडवरचे रंगवलेले निंब

आमचं घर आणि दुकान एकच होतं म्हटलं तरी चालेल. शुक्रवार पेठेत रस्त्याला लागून अप्पांचं रंगाचं दुकान, मागं दोन खोल्यांत आम्ही, आणि दोहोंच्या मध्ये एक जाड पडदा, ज्याच्यावर गिऱ्हाइकांनी पुसलेल्या सगळ्या रंगांची बोटं होती. सकाळी मला जाग यायची ती डबा उघडण्याच्या आवाजानं. अप्पा झाकणाच्या कडेला पेचकस घालून डब्याभोवती फिरवत न्यायचे, टक टक टक, आणि शेवटी झाकण एकदम सुटायचं. मग काठीनं रंग ढवळल्याचा जाड, सुस्त आवाज. तिकडं पडद्यामागं अव्वा भाकरी थापत असायची. अव्वा म्हणजे आई. ती घरात कानडीतच बोलायची, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो, आणि यात काही वेगळं आहे हे मला शाळेत जाईपर्यंत कळलं नव्हतं. टर्पेंटाइनचा वास भाकरीला लागतो ही तिची रोजची तक्रार. लागायचाच. कडक भाकरी मोडून शेंगाच्या चटणीत तेल कालवून खाताना त्या तेलातही तो वास यायचा. आता पंचावन्न ओलांडलीत, परगावी राहतो, पण कुणाच्या घराला नवा रंग लागत असला की मला भूक लागते. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. न सांगितलेलं बरंच आहे. त्यातलं एक इथं लिहून टाकतो.

अप्पा रंग विकायचे, पण रंगाबद्दल फार बोलायचे नाहीत. बोलायचे ते ज्याच्यावर रंग द्यायचा त्याबद्दल. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "भिंत कशी आहे?" भिंत खडबडीत असेल तर ते डबा हातातच धरून ठेवायचे. "आधी खरवडून घ्या. घासून घ्या. भेगांत लांबी भरा, अस्तर मारा, मग या. रंग काय, मिळतोच की." माणूस चिडून पलीकडच्या दुकानात जायचा. सुट्टीत मला ते दुकानांच्या जुन्या पाट्या खरवडायला बसवायचे. जुना रंग पुरता निघून खालचं लाकूड कोरं दिसलं पाहिजे, तळहात फिरवला तर कुठं अडता कामा नये, हे माझ्या हातात इतकं भिनलं होतं की शाळेच्या बाकावर बसलं तरी मी नखानं त्याचे पोपडे काढत बसे.

अप्पांना मित्र म्हणावा असा एकच माणूस, रसूलचाचा. होटगी रोडच्या नाक्यावर त्यांची लाकडाची वखार होती. दर गुरुवारी दुपारी ते सायकल भिंतीला टेकवून दुकानात शिरायचे, अप्पांच्या समोरच्या उलट्या डब्यावर बसायचे, आणि बसता बसता विचारायचे, "काय शेट, आज रंगात किती पाणी घातलं?" अप्पा मान वर न करता म्हणायचे, "तुझ्या लाकडात असतं तेवढंच." ओलं लाकूड वजनाला भरतं, हा सगळ्या वखारवाल्यांवरचा आरोप. मग दोघं हसायचे. दर गुरुवारी तोच विनोद, आणि दर गुरुवारी तेवढंच हसू. पडद्यामागून अव्वा दोन कप पुढं सरकवायची.

दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती. त्या वर्षांत झाडं कशी गेली ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. आधी गुरांसाठी पाला ओरबाडला, मग चुलीसाठी फांद्या, मग राहिलेलं खोड. गावाबाहेर पडलं की उन्हाला अडवायला काही उरलं नव्हतं. त्यातल्या त्यात होटगी रोडच्या दोन्ही बाजूंचे कडुनिंब वाचले होते, कारण ते सरकारी. आणि मग एके दिवशी त्या निंबांच्या बुंध्यांवर डांबराच्या फुल्या दिसायला लागल्या. रस्ता रुंद करायचा होता. फुली मारलेलं झाड तोडायचं, लिलावात द्यायचं.

आमच्या शाळेचे चित्रकलेचे कोरे सर आम्हा पाच-सहा जणांना रविवारी निसर्गचित्रासाठी तिकडं न्यायचे. बुटके, टक्कल पडलेले, कायम घाईत असल्यासारखे चालणारे. त्यांनी त्या फुल्या पाहिल्या आणि त्या रविवारी कुणाच्याच चित्राकडं पाहिलं नाही. पुढं दोन-तीन महिने त्यांनी अर्ज केले. उत्तर नाही. एकदा वर्गात फळा पुसता पुसता एकदम म्हणाले, "अर्ज वाचायला माणूस बसवावा लागतो रे. चित्र बघायला रस्त्यानं जाणारा कुणीही पुरतो." त्यांनी ठरवलं की ज्या झाडांवर फुली आहे त्याच झाडांच्या बुंध्यांवर चित्रं काढायची. येता-जाता लोकांनी बघावं, काय जाणार आहे ते डोळ्यांत भरावं. कागदावरचं चित्र घरात राहतं, हे झाडावरच राहील. आणि चित्र काढलेल्या झाडावर कुऱ्हाड घालायला हात धजणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पहिल्या रविवारी आमचा पचका झाला. निंबाची साल म्हणजे नांगरलेलं रान. सरांनी एका बुंध्यावर माय-लेकराचं चित्र काढलं, तर आईच्या तोंडावर देवी आल्यासारखं दिसायला लागलं. रंग भेगांत शिरून नाहीसा होत होता. शेजारच्या रानातली एक म्हातारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय वो मास्तर, ह्यो कोण, वेताळ हाय व्हय?" पोरं हसली. सर हसले नाहीत. ब्रश धरून नुसते उभे राहिले.

तेव्हा मी बोललो. मला तो क्षण नीट आठवतो, कारण मी सहसा बोलायचोच नाही. म्हणालो, "सर, साल तासून घेऊ या. खालचं लाकूड गुळगुळीत लागेल. मग अस्तर मारून रंग देऊ. पाटीसारखं."

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्या नजरेसाठी मी त्या वयात काहीही केलं असतं.

"शाबास. रंगवाल्याचा पोरगा शोभतोस."

आमच्या शेजारी एक सुतार राहायचा. त्याचं वाकस मी मागून आणलं. वाकस म्हणजे आडव्या पात्याची छोटी कुऱ्हाड, लाकूड तासायची. पुढच्या रविवारी मी तासायला बसलो. वरची काळी खपली सहज निघाली. तिच्या खाली तांबूस, ओलसर थर. तोही काढला, कारण तळहात अजून अडत होता. त्याच्या खाली फिकट पिवळं, ओलं लाकूड लागलं. हाताला थंड, साबणासारखं बुळबुळीत. त्याच्यावरून बोटं फिरवताना मला अप्पांची आठवण झाली. असं कोरं काम पाहून ते काही बोलले नसते, पण मान हलवली असती. चित्र बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी काढायचं, ही कल्पनाही माझीच. सोलापूरकडून येणाऱ्याला दिसावं आणि होटगीकडून येणाऱ्यालाही. रस्त्याच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे गोल फिरवतातच की, तसा हातभर उंचीचा पट्टा मी प्रत्येक झाडाला गोल तासला. कुठं जोड नको, कुठं साल शिल्लक नको. बाकीची पोरं कंटाळून चिंचा पाडायला जायची. मी तासत असायचो. आठ झाडं. सगळी मी एकट्यानं तासली.

तासलेलं लाकूड वाळू दिलं, अस्तर मारलं, आणि मग जी चित्रं उठली ती मी आजही डोळे मिटून काढू शकेन. डब्यांच्या तळाशी उरलेले रंग अप्पांनी दिले. "कुणाचं दार रंगवून उरलेत, आता झाडाला लागू देत," एवढंच म्हणाले. एका बुंध्यावर निंबाखाली दुपारी झोपलेले गवंडी. एकावर फांदी तुटल्यावर आकाशात गोल गोल फिरणारे बगळे. एकावर नुसती तोडलेली खोडं, ओळीनं, क्षितिजापर्यंत, आणि त्यांच्या मधून डोक्यावर घागर घेऊन चाललेली एक मुलगी. आणि नाक्याजवळच्या सगळ्यात मोठ्या निंबावर सरांनी एक बाई काढली. तिचे केस वर जाऊन फांद्या होत होते. जिथं रंगवलेले केस संपायचे तिथं झाडाची खरी साल सुरू व्हायची. होटगी रोडवरचे बैलगाडीवाले तिथं गाडी थांबवायला लागले. एस.टी.चे ड्रायव्हर वेग कमी करायचे. पंधरा दिवसांत त्या बाईच्या कपाळाला कुणीतरी हळद-कुंकू लावलं. मग कुणी हिरव्या बांगड्या बांधल्या. सर आधी चिडले, "मी देवी काढलेली नाही," म्हणाले. मग गप्प बसले, कारण बांधकाम खात्याचा माणूस येऊन बांगड्यांकडं बघून परत गेला होता. लिलाव पुढं ढकलला गेला. गावातल्या एका वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात सर, आम्ही पोरं, आणि माझ्या हातात वाकस.

त्याच दिवसांत एका रविवारी रसूलचाचा वखारीतून चालत आले. हातात चहाची किटली, कप पोरानं आणलेले. लांबूनच मला ओरडून म्हणाले, "क्या रे शिवू, झाड को साडी पिनाया क्या?" आम्हाला चहा दिला. मग ते त्या बाईच्या झाडाजवळ गेले, अगदी नाक लागेल इतके जवळ, आणि उघडा तळहात चित्रावर ठेवून किती तरी वेळ उभे राहिले. रंगावरून हात फिरवला. मागं वळून म्हणाले, "लई चांगलं झालंय. मय इतने झाडा काट्या जिंदगी में, पन झाड का मुँह पैले बार देख्या." आणि हसून, "आता माझी चूल कशावर पेटणार, ते बी काढ की एका झाडावर." त्या झाडांचा लिलाव तेच घेणार होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रस्त्यानं जाणारे दोघे-चौघे थांबून बघत होते. त्यांनी काय पाहिलं? वखारवाला झाडाच्या बुंध्याला हात लावून उभा आहे, एवढं.

त्या चैत्रात आमची आठ झाडं अशी फुलली की विचारू नका. बाकीच्या निंबांना जेमतेम मोहर, आणि रंगवलेले निंब पांढरे शुभ्र. खाली फुलांचा सडा, रस्त्यावर गोडसर वास. म्हातारी रानातून येऊन सरांच्या पाया पडली. "झाडं खूश झाली वो मास्तर. हात लागला तुमचा." सरांचे डोळे भरून आले होते. झाड मरायला लागलं की जीव तोडून फुलतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी पानगळ झाली, आणि ती आठ झाडं परत पालवली नाहीत. शेजारचे निंब तांबड्या कोवळ्या पानांनी भरले, आणि मध्ये मध्ये हे आठ, काड्यांचे सापळे. चित्रं मात्र तशीच ताजी, चकचकीत. आधी लोकांना वाटलं उशीर झाला असेल. मग फांद्या वाऱ्यानं मोडून पडायला लागल्या. आणि मग बोलणं सुरू झालं. बाकीची सोडून नेमकी चित्रं काढलेलीच कशी वाळली? आमच्याकडं झाड मारायचं असलं की मुळाशी भोक पाडून हिंग भरतात अशी समजूत आहे. हिंग कुणी भरला असेल? वाळलेलं झाड सरकार ठेवत नाही, लिलावात देतं. लिलाव कोण घेतं? पुढचं सांगायला कुणाला फार डोकं लागलं नाही. सरांनाही ते पटलं. ते पायात चप्पल न घालता त्या झाडांखाली फिरत असायचे, मुळाशी माती उकरून हिंगाचा वास येतो का बघत.

त्याच दिवसांत, सुट्टी लागण्याआधी, अकरावीच्या वनस्पतिशास्त्राच्या तासाला, विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर एक झाड काढलं. त्यांनी खडूनं बुंध्याभोवती एक पट्टा काढला आणि आतला भाग पुसून कोरा केला. म्हणाले, "पानात तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडं जातं. इथं साल गोल काढली, तर मुळांना अन्न पोचत नाही. झाड लगेच मरत नाही. एखादा हंगाम जातो. कधी कधी फूलही भरपूर येतं. मग मुळं उपाशी मरतात, आणि मग झाड." त्यांनी तळहातावरचा खडू झटकला आणि पुढचं पान उलटलं. मी फळ्यावरच्या त्या कोऱ्या पट्ट्याकडं बघत बसलो. तो हातभर उंच होता. तो मीच तासला होता.

घरी आलो तर अव्वा ताट वाढून बसली होती. "बा, ऊट माडु," ये, जेव, म्हणाली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला. तिनं त्या तुकड्याकडं पाहिलं. "याक ऊट माडवल्ली?" का जेवत नाहीस? मी म्हणालो, ऊन लागलं. तिनं ताक आणून ठेवलं.

मी सरांना सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत शनिवार आला, आणि रविवारी सकाळी लोकांनी रसूलचाचांना वखारीतून बोलावून त्या बाईच्या झाडाखाली उभं केलं. मी सरांबरोबर गेलो. पन्नास-साठ माणसं असतील. नाक्यावरचे दुकानदार, आसपासच्या रानातले लोक, काही नुसतेच बघे. रसूलचाचा मध्ये उभे. त्यांना आधी गंमतच वाटत होती. म्हणाले, "हिंग? अरे घर में दाल कू हिंग नाय मिल्ता, झाड कू कां से लाऊं?" काही जण हसलेही. पण एक जाडसा माणूस पुढं आला. त्याला मी ओळखत नव्हतो. तो म्हणाला, "हसण्यावारी न्यू नका. ह्यांनी झाडाला हात लावलेला लोकांनी बघितलंय. हितंच. ह्याच झाडाला."

"लावला की," रसूलचाचा म्हणाले. "चित्र बघायला लावला. पाप केलं काय?"

"चित्र डोळ्यानं बघत्यात, हातानं न्हाय."

गलका झाला. मग कोरे सर मध्ये पडले. त्यांना खरं शोधायचं होतं, यात मला आजही शंका नाही. हात वर करून म्हणाले, "थांबा. भांडू नका. हा पोरगा सगळा वेळ इथं होता. ह्या झाडांवर ह्याच्याइतका जीव कुणाचाच नाही. शिवलिंग, तू सांग. रसूलमियां झाडापाशी आले होते का?"

सगळे माझ्याकडं वळले. रसूलचाचाही वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं आलं. "हौ, शिवू कू पूछो. बोल बेटा."

खरं काय ते माझ्या तोंडात होतं. पाच-सहा शब्दांचं. साल मी तासली. झाडं त्यामुळं मेली. पण तसं बोललो असतो तर सरांची नजर, तो फोटो, शाबासकी, म्हातारीचं पाया पडणं, सगळं त्या झाडांसारखं उभ्याउभ्या वाळलं असतं, आणि त्या पन्नास माणसांच्या मध्ये मी उभा राहिलो असतो. तेव्हा मी एवढा विचार केला, असं म्हणणं खोटं होईल. मला फक्त भीती वाटली. मी म्हणालो, "हो. आले होते. बुंध्याला हात लावून बराच वेळ उभे होते."

त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आयुष्यभर मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि हेच सगळ्यात वाईट आहे.

रसूलचाचांनी माझ्याकडं पाहिलं. अजूनही त्यांना वाटत होतं की मी पुढं काही बोलणार आहे. पहिली थप्पड बसली तेव्हाही ते माझ्याकडंच बघत होते. सर "मारू नका, मारू नका" करत मध्ये घुसले, त्यांचा चष्मा पडला, ते खाली वाकून चष्मा शोधायला लागले, आणि तोपर्यंत लोक रसूलचाचांना ओढत वखारीकडं घेऊन गेले होते. वखारीतली लाकडं रस्त्यावर फेकली. तराजू मोडला. लाकडाचा ओंडका त्यांच्या उजव्या मनगटावर पडला की कुणी पाडला, ते कधी कळलं नाही. मी झाडाखालीच उभा होतो. माझ्या पाठीशी ती रंगवलेली बाई होती. तिच्या बांगड्या उन्हात चमकत होत्या.

गुरुवारी रसूलचाचा दुकानात आले. सायकल नव्हती. उजव्या हाताला लाकडी पट्ट्या बांधून तो गळ्यात अडकवलेला. उलट्या डब्यावर बसले नाहीत. मी कोपऱ्यात डबा उघडत होतो.

अप्पा म्हणाले, "रसूल, माझा पोरगा खोटं बोलत नाही."

"नाय बोल्या, शेट. मय गया था, हात लगाया था. पन किसलिए लगाया, वो बोल्या क्या तेरेकू? पूछ उसकू. माझ्यासमोर विचार."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "शिवू?"

मी पेचकस झाकणाच्या कडेला घातला आणि फिरवला. टक. टक. झाकण सुटत नव्हतं.

"मला माहीत नाही अप्पा," मी म्हणालो.

मग अप्पा म्हणाले, "तू आता दुकानात येत जाऊ नकोस, रसूल." ते हळू आवाजात म्हणाले, एखाद्या गिऱ्हाइकाला रंग संपलाय सांगावं तसं. पडद्यामागून अव्वानं दोन कप पुढं सरकवलेले तसेच राहिले. रसूलचाचा गेल्यावर तिनं ते उचलून मोरीत ओतले.

वखार पुढं चालली नाही. नाक्यावरच्या कुणी त्यांच्याकडून लाकूड घेईना, आणि उजव्या हातानं त्यांना कुऱ्हाड धरता येईना. उन्हाळा संपायच्या आत ते बायका-पोरांना घेऊन गुलबर्ग्याकडं लेकीच्या गावी गेले. ती आठ झाडं दुसऱ्याच कुणी लिलावात घेतली, आणि रस्ता रुंद झाला. अप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. गुरुवारी दुपारी ते दुकानात एकटे बसत. रंगात पाणी घातलं का, असं त्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही. मी त्यांना सांगितलं नाही. अव्वालाही नाही, पण तिला कळलं होतं असं मला वाटतं. एकदा मी कुठलीशी साधीच थाप मारली, तेव्हा ती म्हणाली होती, "सुळ्ळ हेळब्याड, शिवू. निनग बरूदिल्ल." खोटं बोलू नकोस, तुला येत नाही. आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरंबी येत न्हाई तुला." ती घरात मराठी बोललेली मला तेवढीच आठवते.

अप्पा, अव्वा, सर, आता सगळे गेलेत. रसूलचाचांचं काय झालं, कधी विचारायला गेलो नाही. कुणाला आता दुखणार नाही म्हणून लिहितोय, हेही भित्रेपणाचंच आहे, मला कळतं.

मला अजून एक सांगायचं आहे. ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहूनही लपवल्यासारखंच होईल.

पावसाळा सरल्यावर मोडनिंबच्या काही लोकांनी कोरे सरांना बोलावलं. तिथं मोठ्या रस्त्याला गावाजवळ चिंचेची आणि निंबाची जुनी झाडं होती, त्यांच्यावरही फुल्या पडल्या होत्या. होटगी रोडची चित्रं त्यांनी फोटोत पाहिली होती. ती झाडं कुणी मारली याची गोष्टही त्यांच्यापर्यंत पोचली होती, नाव-गावासकट. सर नव्या उमेदीनं आम्हाला एस.टी.नं घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "इथं राखण ठेवायला सांगू. हिंगाची भानगड नको." आम्ही उतरलो तेव्हा गावातली वीस-पंचवीस माणसं वाट बघत होती. कुणीतरी पोहे आणले. सरांनी पहिलं झाड दाखवलं आणि वाकस माझ्या हातात दिलं.

"कर सुरू. गोल तास, होटगी रोडसारखं. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

मी तासायला लागलो. वरची खपली, मग तांबूस थर, मग ओलं लाकूड. हात आपोआप पुढं सरकत होता. फिरत फिरत मी सुरुवातीच्या जागेपाशी आलो, आणि वीतभर साल शिल्लक असताना थांबलो. वरपासून खालपर्यंत एक उभी पट्टी, न तासलेली. बाजूला जाऊन दुसऱ्या झाडाकडं निघालो.

"अरे, हे राहिलं की," सर म्हणाले.

माझ्या तोंडून शब्द इतक्या सहज निघाले की मलाच नवल वाटलं. "मुद्दाम ठेवलंय सर. चित्र गोल फिरलं तर सुरू कुठं होतं, संपतं कुठं, ते बघणाऱ्याला कळत नाही. मध्ये चौकट पाहिजे."

सर दोन पावलं मागं गेले. डोळे बारीक करून बुंध्याकडं पाहिलं. हाताच्या बोटांची चौकट करून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. पोरांनो, इकडं या, हे बघा. प्रत्येक झाडाला अशी पट्टी सोडायची." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज तू चित्रकार झालास बघ."

ती झाडं पुढं कित्येक वर्षं हिरवी राहिली. तिथल्या एका फोटोत मी त्यांच्याखाली उभा आहे. त्या दिवशी, खांद्यावर सरांचा हात असताना, मला उमगलं की त्या रविवारी नाक्यावर बोलायला मला फार हिंमत लागली नसती. नुसती अशीच एखादी थाप पुरली असती. 'सर, मी होतो तिथं, चाचांनी फक्त चित्र बघितलं,' एवढं म्हणून मला गप्प राहता आलं असतं. माझं काहीही गेलं नसतं. मला ती सुचलीच नाही. झाडांसाठी सुचली.

पोरं पुढच्या बुंध्यांपाशी बसून वीत मोजत होती.